मिशांचे बिस्कीट

आपल्या पुराणांत धनुष्यबाणाविषयी माहितीला तोटा नाही. कोणाच्या धनुष्याचे नाव गांडीव, कोणाचे शार्ङ्ग, कोणाच्या भात्यातले बाण संपत नसत, कोणाचा बाण मंत्र म्हणताच पाऊस पाडी, हे सगळे आपल्याला लहानपणापासून पाठ. पण सुटण्यापूर्वी तो बाण टेकलेला कशावर असे, हा प्रश्न मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. तो पडायला मिशिगनला जावे लागले.

चिरंजीवांचे घर अ‍ॅन आर्बरपासून अर्ध्या तासावर, जिथे घरे संपतात आणि मका सुरू होतो, अशा जागी आहे. डावीकडे मका, उजवीकडे शेजारी. हे शेजारी पेशाने प्लंबर आणि छंदाने धनुर्धर. मिशिगनमध्ये बंदूकवाल्यांचा हरणांचा मुख्य हंगाम १५ नोव्हेंबरला उघडतो, धनुष्यवाल्यांचा १ ऑक्टोबरला. मी त्यांचे नाव ठेवले अर्जुनराव. त्यांना ते आवडले. फक्त 'राव' हे आडनाव आहे अशी समजूत झाल्यामुळे, त्यांच्या माहितीतले आंध्रातले एक डॉक्टर राव माझे कोण लागतात, असे ते अधूनमधून विचारीत.

हरणांशी आमचे संबंध आधीच बिघडलेले होते. हिने मागच्या अंगणात हौसेने मेथी पेरली होती. ती वीतभर झाली न झाली तोच एका पहाटे हरणांनी येऊन ती देठासकट साफ केली. या राज्यात वर्षाला पन्नास हजारांवर मोटारी हरणांवर आपटतात, असे चिरंजीवांनी सांगितले. "म्हणून काय बाणांनी मारायचं?" असे हिचे म्हणणे. मेथी गेल्याचे दुःख एका डोळ्यात आणि हरणाची माया दुसऱ्या डोळ्यात, अशा अवस्थेत ही बाई सप्टेंबरभर खिडकीशी उभी असे.

आणि मी असे शेजाऱ्यांच्या गॅरेजात. आपण पुण्याची माणसे. दुसरा माणूस स्क्रू पिळत असला की शेजारी उभे राहून सल्ला देणे हे कर्तव्य समजतो.

अर्जुनरावांचे धनुष्य पाहून प्रथम मी दचकलोच. आमच्या डोळ्यांसमोर १९८८ सालचे दूरदर्शनवरचे महाभारत. इथे दोन्ही टोकांना चाके, मध्ये तीन-चार दोऱ्या. सायकल आणि सतार यांचा घाईघाईने लावलेला विवाह म्हणावा असे ते प्रकरण. मिसुरीतल्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन नावाच्या गृहस्थांनी हे काढले आणि १९६९ साली त्यांना पेटंट मिळाले. गंमत अशी की दोरी ओढताना साठ पौंडांचा जोर लागतो, पण शेवटाला पोचलात की चाकांच्या करामतीने हातावर बारा-पंधरा पौंडच राहतात. म्हणजे नेम धरून स्वस्थ उभे राहता येते. आमच्या ऑफिसात अशी चाके असती तर!

अर्जुनरावांची अडचण मात्र धनुष्याची नव्हती, टेकूची होती. जुन्या काळी बाण मुठीवर टेकवीत. आता मुठीच्या वर धातूला भोक असते, त्यात स्क्रू, आणि त्या स्क्रूवर बाणाचा टेकू. हा सुपारीच्या डबीएवढा ऐवज. पण बाण सरळ जाणार की शेपूट हलवीत जाणार, हे बरेचसे त्याच्यावर ठरते.

अकरा वर्षे त्यांच्या धनुष्याला जो टेकू होता त्याचे नाव 'व्हिस्कर बिस्किट'. म्हणजे शुद्ध मराठीत मिशांचे बिस्कीट. गोल कडे, कड्यात सगळीकडून आत वळलेले राठ केस आणि मधोमध बाणापुरते भोक. बाण त्यात खुपसला की धनुष्य आडवे करा, उलटे करा, बाण पडत नाही. झाडावर वीस फूट उंच मचाणात चार-चार तास बसणाऱ्याला याहून सोयीचे काय? हलणारा भाग नाही, तुटणारी दोरी नाही. खोट एवढीच की सुटताना बाणाची पिसेही त्या मिशांतून घासत जातात. वेग थोडा कमी होतो आणि कालांतराने केस झिजून बाण किंचित खाली बसू लागतो.

दुसरी जात पडणाऱ्या टेकूची. दोन शिंगांची छोटी बेचकी. दोरी ओढत आणली की शेवटच्या इंच-दोन इंचांत ती उभी राहते, बाणाला उचलून धरते, आणि बाण सुटला की पिसे तिच्यापाशी पोचण्यापूर्वी खाली आडवी होते. बाणाला कशाचाही स्पर्श नाही. तिची नाडी कोणी धनुष्याच्या उतरत्या दोरीला बांधतात, कोणी सरळ पात्याला. नाडी सरकली की मात्र सगळेच मुसळ केरात.

हे सगळे मी रात्री जेवताना घरी समजावून सांगितले. ही म्हणाली, "म्हणजे एक टेकू काम झालं की आपणहून बाजूला होतो, आणि दुसरा शेवटपर्यंत अंगाला घासत राहतो."

"बरोबर."

"सासूबाई दुसऱ्या जातीच्या होत्या."

यावर मी आमटी वाढून घेतली. सून खाली मान घालून हसली. ती कोणासाठी हसली याचा विचार मी अजून करतो आहे.

अर्जुनरावांनी शेवटी पडणारा टेकू आणला आणि खरा तमाशा सुरू झाला. आणला, लावला, मारला, असे नसते. टेकूचा मध्य धातूच्या कडेपासून इंचाचे तेरा सोळांश, म्हणजे साडेवीस मिलिमीटर, ही सुरुवात. मग कागदाची परीक्षा. लाकडी चौकटीवर कागद ताणायचा, मागे जाड गठ्ठा ठेवायचा आणि सहा फुटांवरून बाण सोडायचा. बाण सरळ गेला तर एक भोक आणि त्याभोवती पिसांचे तीन काप. शेपूट वर करून गेला तर कागद वर फाटतो. मग टेकू किंचित वर घ्यायचा, नाहीतर दोरीवर बाण अडकवायची जागा किंचित खाली. 'किंचित' म्हणजे इंचाचा बत्तिसावा भाग. आमच्याकडे गवंडी 'किंचित' म्हणतो तेव्हा दार बसत नाही.

दुसऱ्या दिवशी कागद संपले. हिने लोणच्याच्या बरण्या गुंडाळून आणलेली मराठी वर्तमानपत्रे मी देऊ केली. पहिल्या बाणाने अग्रलेख दीड इंच उभा फाडला. दुसरा लग्नाच्या जाहिरातींतून 'निर्व्यसनी' आणि 'पगारदार' यांच्या मधून गेला, पण शेपूट वरच. टेकू चढवला, उतरवला, फाट तशीच. अर्जुनरावांना संशय आला की पिसे कुठेतरी लागताहेत. हे पाहायला पिसांवर पावडर मारतात, आणि त्यांची पावडर संपली होती. मी नातवाच्या कॅरमची आणली. बाण सोडला, आणि बेचकीच्या एका शिंगावर पांढरी रेघ! म्हणजे टेकू वेळेवर पडत होता, पण पडून चेंडूसारखा पुन्हा उसळत होता आणि जाता जाता पिसांना टपली मारीत होता. खाली मऊ फेल्ट चिकटवले, नाडी पाव इंच सरकवून बांधली. तिसऱ्या दिवशी रविवार पुरवणीला सुबक गोल भोक पडले. अर्जुनरावांनी तो कागद सहीसाठी माझ्यापुढे केला.

त्या आनंदात मी त्यांना आमच्या सातारच्या पोरीची गोष्ट सांगितली. अदिती स्वामी, २०२३ साली बर्लिनला याच चाकांच्या धनुष्याने जगज्जेती झाली, वय वर्षे सतरा. आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने दीडशेपैकी दीडशे गुण घेऊन पुरुषांचे पद जिंकले. अर्जुनरावांना हे ठाऊक होते! "पण स्पर्धेतले बहुतेक लोक बाण पातळ पोलादी पात्यावर ठेवतात," ते म्हणाले. "उत्तमच. पण झाडावर बसून मान वळवली तरी त्यावरून बाण घसरेल. आणि त्यांचा चुकला तर दहाच्या जागी नऊ मिळतात."

पुढचे ते बोलले नाहीत. ते हिने बोलायला लावले. कुंपणाशी चकल्यांची पिशवी देताना तिने मोडक्या इंग्रजीत विचारले, "मारायचंच आहे ना, मग बत्तिसावा भाग कशाला मोजता?"

"मारायचंच आहे म्हणून," अर्जुनराव म्हणाले.

मग त्यांनी सांगितले. सात वर्षांपूर्वी त्यांचा एक बाण छातीऐवजी पोटात गेला. दोन दिवस ते रक्ताचे थेंब पाहत मक्यातून आणि दलदलीतून हिंडले. हरीण सापडले नाही. पुढचा सगळा हंगाम ते घरी बसले. छोट्या थाळीएवढी जागा असते, ते म्हणाले, तिथे बाण गेला तर जनावराला कळायच्या आत संपते. शिवाय बाण सेकंदाला २८० फूट जातो आणि दोरीचा आवाज ११०० फूट. म्हणजे आवाज आधी पोचतो, हरीण पळण्यासाठी खाली दबते, आणि बाण भलतीकडे लागतो. म्हणून वीस यार्डांपलीकडे ते बाण सोडत नाहीत, आणि टेकूचा 'टक' आवाजही होऊ नये म्हणून फेल्ट.

ही काही बोलली नाही. आमच्या देशात १९७२ च्या कायद्याने रानातली शिकार बंद आहे आणि घरात अंडेही येत नाही. तिचे मत बदलले असे नाही. पण संध्याकाळी तिने कॅरमच्या पावडरीचा दुसरा डबा माझ्या हातात ठेवला.

महिनाअखेर शिकारीची रुंद पाती लावलेले बाण साध्या टोकाच्या बाणांच्या तीन इंच डावीकडे जाऊ लागले. पाते वाऱ्याला पंखासारखे असते, जरा वाकडे सुटले की आपल्या मर्जीने वळते. टेकू उजवीकडे केसभर, पुन्हा केसभर. २९ सप्टेंबरला दोन्ही बाण एका मुठीत मावतील इतके जवळ लागले.

अर्जुनराव ऑक्टोबरात अठरा संध्याकाळी झाडावर बसले. सतरा वेळा हात हलवीत आले. अठराव्या दिवशी अंधार पडल्यावर त्यांनी आमचे दार वाजवले आणि "चाळीस पावलं" एवढेच म्हणाले. हिने त्यांना पाणी दिले.

आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मला जुने मिशांचे बिस्कीट भेट दिले. मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने ते उलटसुलट पाहून हे काय आहे, असे विचारले. मी खरे तेच सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले, हिच्याकडे पाहिले आणि सहानुभूतीने बॅग बंद केली. आता ते आमच्या शोकेसमध्ये असते. म्हणजे असायचे. परवा कामाच्या बाई म्हणाल्या, "काका, तो अमेरिकेचा ब्रश चांगला आहे, पण बाटलीच्या तळाला पोचत नाही."