किल्ला पूर्वेकडून चढा

ग्वाल्हेरला आलेले पाहुणे बहुधा गाडीने उरवाई दरवाजाकडून किल्ल्यावर जातात. त्या वाटेवर कड्यात कोरलेल्या भव्य जैन मूर्ती दिसतात, हे खरं; पण पूर्वेकडची जुनी चढण मात्र राहून जाते. नाताळच्या सुट्टीत ताईची मुलगी बडोद्याहून आली, तेव्हा मी तिला मुद्दाम तिकडून पायी नेलं.

पायथ्याशी गुजरी महाल. राजा मानसिंह तोमर (१४८६–१५१६) याने मृगनयनी राणीसाठी बांधलेला. आज तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. वेळ थोडा असेल तर एकच मूर्ती बघा, ग्यारसपूरची शालभंजिका. हात तुटलेले, तरी ओठांवरचं हसू शाबूत.

थोडं वर चढलं की खडकात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या इ.स. ८७६ च्या लेखात देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५० असा हिशेब आहे. शून्य असलेल्या आपल्या देशातल्या फार जुन्या शिलालेखांपैकी हा एक. शून्य शेजारच्या आकड्यांपेक्षा लहान आहे. "मामा, एवढंसं?" भाची म्हणाली. मला तर ते एखाद्या माळ्याच्या हिशेबात सापडावं, याचीच गंमत वाटते.

वर मानमंदिराच्या निळ्या-पिवळ्या फरशा आणि बदकांची रांग तिने फोटोत घेतली. मग विचारलं, "यात आपलं काय?"

सांगायला सोपं नव्हतं. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतलं. जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूचे. ते आग्र्याला निघून गेले. काही दिवसांतच राणी इथेच लढताना पडली. किल्ला इंग्रजांकडे राहिला. १८८६ मध्ये त्यांनी तो शिंद्यांना परत दिला आणि बदल्यात झाशी शहर घेतलं. राणीचीच झाशी.

"म्हणजे आपण कुणाच्या बाजूचे?"

मराठी माणसं दोन्हीकडे होती, एवढंच मी म्हणालो. घरी हा विषय निघाला की बाबा पेपर उघडतात, म्हणून मलाही याहून फारसं माहीत नाही.

रात्री तिने आजोबांनाच विचारलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. आईला आमटी दोनदा गरम करावी लागली.