वैशाखाला विचारून

फुलझाडांची निवड आपण बहुतेक जण श्रावणात करतो. श्रावणात कोणतेही रोप देखणेच दिसते. आमच्या अनसिंगला त्या दिवसांत कुंपणाची काठीसुद्धा पालवते. पण झाड अंगणात आणण्यापूर्वी विचारायचे ते वैशाखाला.

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० साली एक नकाशा छापला. वर्षातली सर्वांत कडक थंडी सरासरी किती, हे पाहून देशाचे पट्टे पाडले. कोणते झाड कुठे तग धरील, ते त्यावरून ठरवायचे. जिथे मुळांभोवतीची माती गोठते, तिथे हा हिशेब रास्तच. वऱ्हाडातली थंडी मात्र शेकोटीपुरती. इथे झाडाची परीक्षा घेते ते ऊन. पुढे १९९७ साली अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने पारा ३० अंशांवर जाणारे दिवस मोजून उन्हाचाही नकाशा काढला. आमच्या शेजारच्या आजींना नकाशाची गरज कधी पडली नाही. त्या एवढेच विचारीत, “झाड आनाच्या आंधी सांग भाऊ, वैशाखात त्याले पानी कोन देईन?”

हा प्रश्न हौसेचा नव्हे, माणुसकीचा आहे. विहीर तळाला गेली की तहानलेल्या गुलाबाच्या आळ्यात ओतलेला प्रत्येक गुंड कुणाच्या तरी डोक्यावरून आलेला असतो. ज्या बागेसाठी घरातल्या बाईची एक खेप वाढते, तिचे फूल मला देवाला वाहवत नाही.

त्यातून आमची काळी माती. पावसात फुगून ती पाणी धरून बसते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि कोवळी मुळे तोडते. म्हणजे झाडाने एकाच वर्षात बुडणेही सोसायचे आणि तहानही. मुरूम आणि शेणखत मिसळून आळे जरा उंचावर केले, की मुळाशी पाणी साचत नाही. पहिला उन्हाळा मात्र कोणत्याही रोपाला हातचे पाणी द्यावेच लागते.

त्यानंतर जी टिकतात, त्यांची रीत पाहण्यासारखी असते. चाफा पाने टाकून देतो आणि उघड्या फांद्यांवर फुलतो. बहावा ऐन उन्हात पिवळी झुंबरे सोडतो. बोगनवेलीला पाणी जास्त दिले तर ती नुसती पानेच वाढवते. जरा तहानलेली ठेवली की रंगांनी भरते. कण्हेरीला गुरे तोंड लावीत नाहीत, कारण ती सर्वांगी विषारी. लहान मुलांपासून तेवढी दूर लावावी. मोगरा थंडीत छाटून ठेवला, तर न्हाणीच्या पाण्यावर उन्हाळाभर ओंजळी भरतो.

गंमत अशी, की यांतला बहावा अस्सल इथला, पण सगळीच झाडे तशी नव्हेत. चाफा मध्य अमेरिकेतला, बोगनवेल ब्राझीलची. अंगणातली सदाफुली मादागास्करची आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. त्यांना आज परके कोण म्हणेल? त्यांनी इथला वैशाख काढला, आणि आमच्याकडे रहिवासाचा दाखला तेवढाच लागतो.

दिवाळीत अंगण सारवून झाले, की नव्या रोपाची जागा मनात ठरू लागते. पाऊस सरलेला असतो, वैशाख अजून सहा महिने दूर. झाडाची चौकशी करायला हाच काळ बरा.