वसलेलं क्रियापद

‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी’ हे इंग्रजीच्या तासाला आपण सगळ्यांनीच घोकलेलं असतं. एका क्रियापदाची रूपं एकमेकांना इतकी परकी कशी? कारण ते क्रियापद मुळात एक नाहीच. निरनिराळे धातू एकत्र आले आणि एका संसारात नांदू लागले. त्यांतले तीन आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत: अस्, भू आणि वस्.

‘ॲम’ आणि ‘इज’ ही ‘अस्मि’ आणि ‘अस्ति’ची भावंडं. जर्मनमध्ये ‘ते आहेत’ला ‘झिंट’ म्हणतात. ‘सन्ति’ आणि ‘झिंट’ एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून पाहावं, अंगावर काटा येतो. ‘बी’ आणि जर्मन ‘बिन’ भूच्या गोतातले. आपलं ‘होणे’ही त्यातलंच, प्राकृतातून घासून आलेलं. संस्कृत क्रियापदांची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मनिक रूपांशेजारी मांडणारा फ्रान्झ बॉप यांचा ग्रंथ १८१६ साली निघाला.

मला लळा आहे तो वस्-चा. वस् म्हणजे राहणे, मुक्काम करणे. ‘वॉज’ त्यातून आलं. चौथ्या शतकात वुल्फिलाने गॉथिक भाषेत बायबल आणलं, त्यातलं ‘विसान’ म्हणजे असणे आणि राहणेही. ‘मी होतो’ असं इंग्रजीत म्हणताना तळाशी ‘मी वसलो’ असतं. होऊन गेलेलं सांगायला या भाषांनी राहण्याचा धातू घेतला, हे मला फार जिव्हाळ्याचं वाटतं. जर्मनीत घर आणि भोवतीची जमीन मिळून ‘आनवेझन’ होतं. तेही याच क्रियापदाचं, आणि आपली वस्तीही याच धातूची.

पण ‘वॉज’चं अनेकवचन ‘वेअर’ का? त्यात र कुठून आला? डेन्मार्कचे कार्ल व्हर्नर यांना अशा कोड्यांचं उत्तर संस्कृतच्या स्वरांत सापडलं. वस्-च्या ‘उवास’मध्ये (तो राहिला) आघात धातूवर, ‘ऊषुः’मध्ये (ते राहिले) शेवटी. जर्मनिक भाषांच्या पूर्वजातही तसंच होतं. आघात पुढे सरकला की आधीचा स मऊ व्हायचा, आणि त्याचाच पुढे र झाला. नंतर आघात सगळीकडे शब्दाच्या आरंभी स्थिरावला. खूण तेवढी उरली. जर्मनने तीही पुसून दोन्ही वचनांत र केला. इंग्लंडच्या कित्येक बोलींत आता ‘वी वॉज’ रुळलंय. बोली आपल्या वाटेने जाणारच, तरी ‘वेअर’मधला तो र टिकावा असं मला मनापासून वाटतं.