मुक्कामाची जमीन

ग्वाल्हेरच्या थंडीचा आम्हां लष्करकरांना थोडा अभिमानच आहे. पौषात पारा दोन-तीन अंशांवर उतरला की वाड्याच्या देवडीतली दगडी फरशी पायाला झोंबते. तरीही तिच्यावर काही अंथरावे, असे चार पिढ्यांत कुणाच्या मनात आले नाही. तिथे आजोबांचा टांगा उभा राहिला, वडिलांची सायकल राहिली, माझी स्कूटर राहिली. उरलेली अर्धी जागा गेली बारा वर्षे मी चिरंजीवांच्या मोटारीसाठी राखून ठेवली होती.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही उभयता त्याच्याकडे अमेरिकेत, मिनियापोलिसला गेलो. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "बाबा, गॅरेजच्या जमिनीचं काय करायचं, ते तुम्ही सांगा." मला हसू आले. लोकनिर्माण विभागाच्या लेखा शाखेत ३४ वर्षे काढली खरी. पण निविदा तपासल्या, थापी कधी हाती धरली नाही.

जमीन पाहिली आणि हसू मावळले. घर घेऊन त्याला दोनच वर्षे झाली होती. मोटारीची चाके जिथे टेकत, तिथे काँक्रीटचे पापुद्रे सुटून खडी उघडी पडली होती. दोष मिठाचा. हिवाळ्यात तिकडे पारा शून्याखाली वीस अंशांपलीकडेही जातो. बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, कारण खारे पाणी गोठायला अधिक थंडी लागते. मोटारीच्या पोटाला चिकटलेला तो खारा चिखल गॅरेजात येऊन वितळतो आणि काँक्रीटच्या छिद्रांत मुरतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. हे गोठणे-वितळणे हिवाळाभर चालले की वरचा थर आतून सुटू लागतो.

मी जुन्या सवयीने कागदावर तुलनात्मक तक्ता मांडला. पहिला पर्याय प्लॅस्टिकच्या जाड गुंडाळीचा: स्वस्त आणि सोपा, पण कडेने शिरलेले पाणी खाली कोंडून राहते. दुसरा, एकमेकांत अडकणाऱ्या जाळीदार चौकटींचा: पाणी जाळीतून खाली उतरून उताराने दाराकडे जाते, फुटलेली चौकट बदलता येते, एका दुपारी काम होते. मात्र खाली साचलेले मीठ धुण्यासाठी त्या अधूनमधून उचलाव्या लागतात. तिसरा, रेझिन आणि हार्डनर मिसळून दिलेल्या लेपाचा. त्यासाठी जमीन यंत्राने घासावी लागते. एपॉक्सी लावताना जमीन साधारण १० अंशांहून उबदार हवी आणि उन्हाने ते पिवळे पडते. पॉलीअस्पार्टिक कमी तापमानातही लागते व रंग टिकवते, पण इतके झटपट घट्ट होते की हात चालवायला उसंत मिळत नाही. लेप नीट बसला, तर मीठ-पाणी काँक्रीटपर्यंत पोहोचतच नाही.

माझी शिफारस जाळीदार चौकटींची होती. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात मी लिहिले होते, 'घर सोडताना काढून नेता येतात.'

त्याने कागद दोनदा वाचला. "बाबा, हा शेवटचा रकाना कशासाठी?"

"अरे, उद्या परत यायचं ठरलं तर..."

"आम्ही आता इथेच आहोत, बाबा." आवाज शांत होता. बारा वर्षांत हे वाक्य प्रथमच उच्चारले गेले. मी विचारले नव्हते, म्हणून त्याने सांगितले नव्हते.

त्या रात्री झोप लागली नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्यापाशी तळ दिला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर शहर झाले. आमचे पूर्वज त्या छावणीच्या आश्रयाने आले. तंबूची जमीन उठताना तशीच सोडून जायची असते. त्यांच्यापैकी कुणीतरी एके दिवशी तंबूच्या जागी पहिला चिरा बसवला असेल. ती वार्ता देशावरच्या गावी पोहोचली, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्याला काय वाटले असेल, हे आजवर माझ्या मनातही आले नव्हते. आम्ही नेहमी चिरा बसवणाऱ्याच्याच बाजूने गोष्ट सांगत आलो.

सकाळी मी तक्ता फाडला आणि प्लॅस्टिकचा एक चौकोन जमिनीवर चारही बाजूंनी चिकटवला. खालून ओल येत असेल, तर चांगल्यातला चांगला लेपही सुटतो. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक उचलले. खाली दवाचा एक थेंबही नव्हता. मग भाड्याच्या यंत्राने घासणे, धूळ ओढून घेणे, खड्डे भरणे, हे सारे शनिवार-रविवारी पार पडले. खालचा थर एपॉक्सीचा, वरचा पॉलीअस्पार्टिकचा. ओल्या जमिनीवर नातू घसरू नये म्हणून त्यात बारीक वाळू घातली. चिरंजीव रोलर फिरवीत होते आणि मी हाती घड्याळ घेऊन मिनिटे मोजत होतो. मोटार आठवडाभर बाहेर राहिली.

डिसेंबरात बर्फ पडले. रोज संध्याकाळी मोटारीखाली साचलेले खारे पाणी रबरी पट्टीने दाराकडे ओढण्याचे काम मी आपण होऊन पत्करले. पाणी वाळल्यावर राहणारी मिठाची पांढरी रेघ ओल्या फडक्याने पुसली जाई. खाली जमीन जशीच्या तशी.

मार्चमध्ये ग्वाल्हेरला परतलो. शेजाऱ्यांच्या मुलाने नवी मोटार घेतली होती आणि गल्लीत जागा नव्हती. देवडीतली ती अर्धी जागा मी त्याला दिली. "काका, फरशीवर काही घालू का?" त्याने विचारले.

"नको," मी म्हणालो, "इथे मीठ पडत नाही."