सारनाथ आणि ‘मी’
काशीपासून सुमारे १० किलोमीटरवर सारनाथ. समोर दगड-विटांचा भव्य धमेक स्तूप. याच भूमीवर धम्मचक्रप्रवर्तनानंतर भगवान बुद्धांनी पंचवर्गीय भिक्खूंना अनात्मतेचा उपदेश केला : रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांत कायमचा ‘मी’ कोठेच नाही.

काशीत मात्र शंकराचार्यांची आख्यायिका सांगतात. सर्वत्र एकच ब्रह्म मानणाऱ्या आचार्यांनी वाटेतल्या चांडाळाला ‘दूर हो’ म्हटले. त्याने विचारले, देहाने देहापासून दूर व्हायचे की आत्म्याने आत्म्यापासून?

अद्वैतही वेगळा ‘मी’ भ्रमच मानते, पण त्यामागे अविनाशी ब्रह्म ठेवते. बुद्ध तेही ठेवत नाहीत. बंधुभगिनींनो, जन्माला चिकटलेला ‘मी’च नाही, तर जन्माची उच्चनीचता कशावर उभी राहील? सारनाथला जाल तेव्हा मुलांना हे जरूर सांगा.