हाफ पायडलचे वीर

खाचखळग्यांतून सायकल उडवणे हा खेळ आहे, असे कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९७० च्या सुमारास ठरवले. त्याला नाव मिळाले बीएमएक्स, आणि २००८ साली तो बीजिंगच्या ऑलिम्पिकमध्ये पोचला. आमच्या अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत, त्यालाच ‘दळण आणणे’ म्हणत!

तिकडची पोरे मडगार्ड हौसेने काढीत. इकडे ते आपण होऊन गळून पडे. तिकडे चाक वीस इंची, पोराच्या मापाचे. आमच्या नशिबी वडिलांची अॅटलस. सीटवर बसलो तर पाय अधांतरी, म्हणून नळीखालून पाय घालून हाफ पायडल! दळणाचा डबा कॅरिअरला बांधून तिकडच्या कुणी हे उतारावर करून दाखवावे, मग पदकाचे बोलू.

प्रकल्पाचे काम सरले, वडिलांच्या बदल्या झाल्या, पोरे पांगली. २०२० साली अॅटलसचा साहिबाबादचा कारखानाही बंद पडला. त्या वीरांपैकी निम्म्यांची नावे आता मला आठवत नाहीत. सायकलींचे खडखडाट मात्र एकूणएक आठवतात. आणि प्रत्येकाचा वेगळा!