चौदा रुपयांची कचोरी

आपल्याला काय आवडते, काय खुपते, एकांतात आपण कसे वागतो, हे चारचौघांत सांगण्याची सवय व्यापारी घराण्यांना फारशी नसते. पेढीवर बसणाऱ्याचे तोंड जपूनच उघडते. बाजारात पत राखायची तर तोटाही झाकावा लागतो. आग्र्याच्या कविवर्य बनारसीदासांनी मात्र 1641 मध्ये, वयाच्या 55 व्या वर्षी, ‘अर्धकथानक’ रचून आपली वही उघडी करून ठेवली. मनुष्याचे आयुष्य 110 वर्षांचे धरून त्यातील अर्धे सांगून झाले, असा त्यामागचा हिशेब. (पुढच्या अर्ध्याला काळाने फारसा अवधी दिला नाही.)

जौनपूरच्या श्रीमाळ जैन कुटुंबात जन्मलेले बनारसीदास व्यापारात बेताचेच होते. वडिलांनी रत्ने, तूप, तेल, कापड सोपवून त्यांना आग्र्याला धाडले. नाड्यात बांधलेली रत्ने सुटून गेली, इतर मालातही खोट आली आणि भांडवल संपले. मग बाजारात जाणेच सुटले. सायंकाळी घरी काही माणसे जमत आणि बनारसीदास त्यांना ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ वाचून दाखवीत. श्रोत्यांत एक कचोरीवालाही असे. त्याच्याकडून रोज उधारीने कचोरी येई. अखेर एके दिवशी एकांत पाहून बनारसीदासांनी त्याला सांगून टाकले की, जवळ काहीच नाही, यापुढे उधार देऊ नये. त्या भल्या माणसाने उलट वीस रुपयांपर्यंत खुशाल खावे, असे सांगितले. सहा-सात महिने हे चालले. पुढे भागीदारीत चार पैसे हाती आले, तेव्हा हिशेब निघाला चौदा रुपयांचा, आणि तो चुकता झाला.

अकबराच्या निधनाची वार्ता ऐकून बनारसीदास जिन्यावरून कोसळले, हा प्रसंग इतिहासकार आवर्जून सांगतात. घरातल्या वाचकाच्या मनात मात्र कचोरीवालाच राहतो. ज्याच्या पदरी तारण नव्हते, त्याला केवळ खरे बोलण्यावर पत मिळाली, हे व्यापाऱ्याला अधिक कळते.

ग्रंथाच्या शेवटी त्यांनी स्वतःची जमा आणि नावे, दोन्ही बाजू मांडल्या आहेत. जमेला काव्यातील गती, क्षमा, संतोष, गोड वाणी, संस्कृत-प्राकृताची जाण. नावेची बाजू वाचताना मात्र आजचा वाचकही चपापतो. लोभ सुटत नाही. जप-तपाकडे मन वळत नाही. थोड्या लाभाने हर्ष, थोड्या हानीने चिंता. न ऐकलेली गोष्ट सभेत रंगवून सांगण्याची खोड. अवचित दाटून येणारे भय. इतके लिहिणाऱ्याने उद्या कोणाकडे उधारी मागावी?

ज्या अक्षराने कचोरीचे चौदा रुपये लिहिले, त्याच अक्षराने नऊ अपत्यांचा मृत्यूही लिहिला आहे. एकही मूल मागे उरले नाही. आणि त्याच दोषांच्या यादीत, कोणी न विचारता, आणखी एक नोंद आहे: एकांत मिळाला की हे गृहस्थ नाचू लागतात.